पार्श्वभूमी : कंटिन्युइटीच्या चुका आणि प्रेक्षकाची नजर

एका शॉटमध्ये अर्धा असलेला पेला पुढच्या शॉटमध्ये काठोकाठ भरलेला दिसतो. दोन शॉटांमधलं सातत्य, म्हणजेच कंटिन्युइटी, इथे तुटते. प्रसंग तुकड्यातुकड्यांनी आणि उलटसुलट क्रमाने चित्रित व्हायला लागले, तेव्हापासून ही अडचण आहे. मूकपटांच्या काळातच अमेरिकी स्टुडिओंनी त्यासाठी वेगळं माणूस नेमलं. बहुतेक वेळा ती बाई असे, आणि तिचं नाव पडद्यावर क्वचितच झळके. आपल्याकडे मालिकांच्या सेटवर हे काम सहसा एखाद्या सहायक दिग्दर्शकाच्या गळ्यात पडतं. एकाच दिवाणखान्यातले चार भागांतले प्रसंग एका दिवसात उरकायचे असतात. अशा वेळी पदर कमरेला खोचला होता की मोकळा, पेला कोणत्या हातात होता आणि कोणत्या शब्दावर तो खाली ठेवला, याची नोंद टेक, म्हणजे प्रसंगाचं एकेक चित्रण, संपल्यासंपल्या व्हावी लागते. पूर्वी ती वहीत व्हायची, मग जागच्या जागी फोटो छापून देणारा पोलरॉइड कॅमेरा आला, आता फोन. फोटोतून पेल्याची पातळी कळते, पण तो कोणत्या शब्दावर ठेवला ते कळत नाही. म्हणून वही अजून सुटलेली नाही.

इतकी काळजी घेऊनही चुका राहतात आणि प्रेक्षकाला त्या दिसत नाहीत. संकलकांना हे अनुभवाने माहीत होतं. मोजून दाखवलं ते 1997 मध्ये. अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन बायकांच्या गप्पांची छोटी फिल्म बनवली आणि कटांच्या, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो त्या जागांच्या, आड मुद्दाम 9 चुका पेरल्या. एकीच्या गळ्यातला स्कार्फ गायब होतो, टेबलावरच्या लाल बश्या पांढऱ्या होतात. पहिल्यांदा बघताना 10 पैकी एकालाच काहीतरी बदलल्याचं जाणवलं. ‘आता नीट बघा’ असं सांगून पुन्हा दाखवल्यावरही सरासरी दोनच चुका सापडल्या. दुसऱ्या फिल्ममध्ये फोन घ्यायला उठलेल्या नटाच्या जागी कटनंतर दुसराच नट आणला, तरी तीनपैकी दोघांना पत्ता लागला नाही.

याचं कारण डोळ्याच्या घडणीत आहे. डोळ्याला स्पष्ट दिसतं ते जेमतेम 2 अंशांत, म्हणजे हात लांब धरल्यावर अंगठ्याच्या रुंदीएवढ्या जागेत. डोळा सेकंदाला साधारण तीनदा उडी मारतो आणि उडीच्या वेळी दृष्टी दबलेली असते. कटही तसाच खंड पाडतो, त्यातही तो हालचालीवर असला तर आणखीच बेमालूम. दोन्हीकडे मेंदू आशय तेवढा पुढे नेतो : दोघी, टेबल, गप्पा. बशीचा रंग त्यात येत नाही. याच अभ्यासकांनी पुढे लोकांना नुसतं विचारलं, की स्कार्फ गेलेला तुम्हाला कळला असता का? बहुसंख्यांनी छातीठोकपणे ‘हो’ म्हटलं. नजरेच्या मर्यादेपेक्षा तिच्यावरचा हा विश्वासच जास्त घातक आहे. चूक सापडली की ‘एवढं साधं दिसलं नाही का?’ असं जो विचारतो, त्याच्या प्रश्नामागे हाच विश्वास असतो.

खरा वाद पेटतो संकलनाच्या टेबलावर. एका टेकमध्ये अभिनय अस्सल आहे पण पेला डाव्या हातात. दुसऱ्यात हात बरोबर, पण वाक्य निर्जीव, पडलेलं. एका नामवंत अमेरिकी संकलकाने याची चक्क टक्केवारी मांडली : भावना 51, कथा 23, लय 10, प्रेक्षकाची नजर कुठे आहे ते 7, पडद्याच्या चौकटीतली मांडणी 5, आणि प्रत्यक्ष जागेतलं सातत्य फक्त 4. काहीतरी सोडायचंच असेल तर तळापासून सोडा, असं तो सांगतो. कंटिन्युइटी सांभाळणाऱ्यांना हे झोंबतं, आणि ते साहजिक आहे. दिवसभर केलेल्या नोंदी त्या 4 टक्क्यांत जातात. तरीही संकलकाची बाजू बरोबर आहे. नजर चेहऱ्यावर असताना बशी बदलली तर खपते. पडलेलं वाक्य मात्र सगळ्यांना ऐकू येतं.

पण हे गणित सरसकट लावता येत नाही. जखम, पत्र, पिस्तूल अशा ज्या वस्तूवर प्रसंग उभा आहे, तिच्यात फरक पडला तर तो पकडला जातो, कारण नजर तिथेच असते. रहस्यकथेत तर अडचण दुप्पट. तिथे दिसतं ते सगळं हेतुपुरस्सर, हे गृहीत धरूनच प्रेक्षक बसलेला असतो. आपोआप भरलेला पेला त्याला चूक वाटतच नाही. कुणीतरी विष कालवलं, असा तो धागा धरतो आणि शेवटी लेखकाने फसवलं म्हणून चिडतो. अशा पटात सहायकाने पेल्यासाठी अडून बसावं आणि दिग्दर्शकाने आणखी एक टेक घ्यावा.

घरात व्हीसीआर आला आणि चित्र थांबवता येऊ लागलं. डीव्हीडीने एकेक फ्रेम हातात दिली. चुकांच्या याद्या फुगल्या, पण त्या करणारा माणूस कथा बघत नसतो, वस्तू तपासत असतो. त्यावरून चित्रपट ढिसाळ ठरवणं अन्यायाचं आहे. 2019 मध्ये एका गाजलेल्या अमेरिकी मालिकेत राजेरजवाड्यांच्या मेजवानीत राणीसमोर आजच्या कॉफीचा कागदी कप राहिला. संकलनापासून प्रक्षेपणापर्यंत इतक्या जणांच्या नजरेखालून गेलेला तो कप प्रेक्षकांनी पकडला, आणि दोनच दिवसांत तो स्ट्रीमिंगच्या प्रतीतून पुसला गेला.