रोप लावताना मुळाशी युरिया घालू नका

‘रोप लावतानाच खड्ड्यात चिमूटभर युरिया टाका, लवकर जीव धरतं,’ हा सल्ला वर्षानुवर्षं चालत आला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी दरवर्षी चांगली रोपं जळतात.

मिरचीचं रोप वाफ्यातून उपटलं की केसासारखी बारीक मुळं तुटून मागे राहतात. पाणी ओढतात ती हीच. म्हणून ओल्या मातीतही रोप दुपारी मान टाकतं. अशा वेळी ४६ टक्के नत्र असलेला युरिया मुळाशी पडला, तर तो विरघळून त्याचा अमोनिया होतो आणि उरलीसुरली कोवळी मुळंही भाजतात. पानांच्या कडा करपतात. मग लोक ‘रोग आला’ म्हणून फवारणी करतात!

त्या रोपाला भूक नसते, तहान असते. उपटण्याआधी वाफा भिजवा, मुळांना माती चिकटून येऊ द्या. लावणी उन्हं उतरल्यावर करा, लगेच पाणी द्या. पहिले दोन-तीन दिवस सावली मिळाली तर उत्तमच. चांगलं कुजलेलं शेणखत आधीच मातीत मिसळलेलं असावं. युरियाचा हप्ता नवी पालवी दिसल्यावर, तोही खोडापासून चार बोटं लांब.