शरदात फुलणारी कॅमेलिया: लावण्यापूर्वी वाचा

कॅमेलिया म्हटले की बहुतेकांना वसंतात फुलणारी जपोनिका आठवते. तुम्ही नेत आहात ती ससान्क्वा. मूळची दक्षिण जपानची, पाने लहान, फुले ५ ते ७ सेंमीची आणि मंद वासाची. बहर ऑक्टोबर ते डिसेंबर (या पत्रकातले सगळे महिने उत्तर गोलार्धाचे). चहाची ही सख्खी बहीण, त्यामुळे जमीनही तिला चहासारखी आम्लच लागते: सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता मोजणारा आकडा) ५.५ ते ६.५.

लावणी

सर्वांत जास्त रोपे जातात ती खोल लावल्यामुळे. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद घ्या, पण खोली गोळ्याच्या उंचीपेक्षा थोडी कमीच ठेवा. गोळ्याचा वरचा भाग जमिनीच्या ३ ते ५ सेंमी वर राहिला पाहिजे, कारण पुढे माती बसते आणि रोप खाली जाते. तळाची माती उकरून भुसभुशीत करू नका. बसते ती हीच. कुंडीत गोल फिरलेली मुळे बोटांनी मोकळी करा. भरताना काढलेलीच माती वापरा, हवे तर त्यात पानांचे कुजलेले खत मिसळा. वर पाइनच्या सालीचे ५ ते ७ सेंमी आच्छादन द्या, मात्र ते बुंध्याला टेकू देऊ नका.

खड्ड्यात पाणी भरून पाहा. दुसऱ्या दिवशीही ते तसेच असेल तर तिथे खड्डा विसरा आणि ३० सेंमी उंच वरंबा करून त्यावर लावा. ससान्क्वाची मुळे मूळकुजीला चिवट असतात, म्हणून तर जपोनिकाची कलमे हिच्या खुंटावर बांधतात. पण साचलेल्या पाण्यात तीही टिकत नाही.

पाणी, खत, छाटणी

शरदातल्या कळ्या जून-जुलैतच, त्या वर्षीच्या नव्या फुटीवर धरतात. त्यानंतर झाड एकदा जरी कडक सुकले तरी ते लगेच दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये कळ्या तपकिरी होऊन गळतात तेव्हा कळते, आणि तोवर उपाय उरलेला नसतो. पहिली दोन वर्षे उन्हाळाभर (म्हणजे जून ते ऑगस्ट) मातीत बोट खुपसून पाहा: ५ सेंमीखाली माती कोरडी लागली की मुळांपर्यंत पोचेल असे भरपूर पाणी द्या. रोज थोडे थोडे शिंपडण्याचा उपयोग नाही.

आम्लप्रिय झाडांचे सावकाश विरघळणारे खत वसंतात एकदा द्या. उन्हाळ्याच्या मध्यानंतर खत नको. उशिराची कोवळी फूट थंडीत जळते. छाटणी बहर संपल्यावर, नवी फूट येण्याआधी. ऑगस्टमध्ये कुंपण कापून नीटनेटके केलेत, तर त्या वर्षीची फुलेही कापलीत.

कुठे शोभते

हिला जपोनिकापेक्षा जास्त ऊन चालते. सकाळचे ऊन आणि दुपारी विरळ सावली मिळाली तर उत्तम. गडद सावलीत पाने छान दिसतात, फुले मोजकी येतात. कुंपणासाठी रोपांत ९० ते १२० सेंमी अंतर ठेवा. वाणांपैकी ‘यूलटाइड’ उभे वाढते, फूल लाल, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. ‘शिशिगाशिरा’ बुटके आणि पसरट, म्हणून खिडकीखाली किंवा उतारावर बसते. पांढऱ्या ‘सेत्सुगेक्का’च्या लांब, लवचीक फांद्या भिंतीवर ४० सेंमी अंतराच्या तारांना बांधून पसरवता येतात. रोप भिंतीपासून अर्धा मीटर दूर लावा. सिमेंटच्या कडेची माती अल्कधर्मी होत जाते. ससान्क्वाच्या पाकळ्या सुट्या सुट्या गळतात, त्यांचा खाली सडा पडतो. हिरवळीवर तो फार देखणा दिसतो, गुळगुळीत फरशीवर मात्र पाय घसरतो.

बिघडले तर

पानाच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा: सामू वाढला आहे, मुळांना लोह घेता येत नाही. चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले) द्या, पण खरी दुरुस्ती गंधकाने सामू उतरवण्याची, आणि तिला काही महिने लागतात.

पानावर पिवळे ठिपके, खाली पांढरा कापसासारखा थर: खवले कीड. बागायती तेल पानांच्या खालच्या बाजूला नीट बसेल असे फवारा. कडक उन्हात किंवा कडाक्याच्या थंडीत नको.

वसंतात कोवळी पाने फुगून जाड, गुलाबीसर झाली: बुरशीच्या गाठी. पांढऱ्या पडण्याआधी तोडून बागेबाहेर टाका, एरवी बीजाणू पसरतात. फवारणीची गरज सहसा पडत नाही.