परक्या मैदानावरचा गोल: एका नियमाची ५६ वर्षं

२४ जून २०२१ रोजी युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉलच्या महासंघाने, आपल्या सगळ्या क्लब स्पर्धांतून अवे गोलचा नियम काढून टाकला. बाद फेरीत दोन संघ एकमेकांच्या मैदानावर एकेक सामना खेळतात. दोन्ही सामन्यांचे गोल मिळून बरोबरी झाली, तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर ज्याचे गोल जास्त तो पुढे, असा हा नियम. अवे गोल ‘दुप्पट’ धरतात असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात बेरीज सारखी झाली तरच तो मोजला जाई, एरवी त्याची किंमत इतर गोलइतकीच.

आज हा नियम अन्यायाचा वाटतो, पण त्याच्या आधी काय होतं ते पाहायला हवं. बरोबरी झाली की तिसरा सामना तटस्थ मैदानावर, आणि तिथेही निकाल लागला नाही तर चक्क नाणेफेक. १९६५च्या युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूल आणि कोलोन यांचे दोन्ही सामने ०-० सुटले, रॉटरडॅमचा तिसरा २-२. मग पंचांनी एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला पांढरी अशी चकती उडवली. पहिल्या वेळी ती चिखलात उभीच रुतली! दुसऱ्यांदा उडवल्यावर लिव्हरपूल उपांत्य फेरीत गेलं. तब्बल ३०० मिनिटं खेळून कोलोन एका चकतीमुळे बाहेर पडलं.

शिवाय बाहेर जाऊन खेळणं तेव्हा खरोखर खडतर होतं. लांबचा प्रवास, अनोळखी मैदान, ज्याचा खेळ कधी पाहिलेला नाही असा प्रतिस्पर्धी. त्यामुळे पाहुणा संघ बहुधा गोल वाचवण्याच्याच विचाराने उतरे. त्याने पुढे सरसावावं आणि तिसऱ्या सामन्याची कटकटही टळावी, म्हणून १९६५-६६च्या कप विनर्स कपमध्ये (युरोपातल्या देशोदेशींच्या कपविजेत्या क्लबांची स्पर्धा) हा नियम आला. पहिला लाभ बुडापेस्टच्या होनवेडला मिळाला. त्यांनी प्रागमध्ये डुक्लाला ३-२ हरवलं, घरी १-२ हार पत्करली आणि ४-४ बरोबरीनंतर प्रागमधल्या तीन गोलांवर ते पुढे गेले.

नियम अंगवळणी पडायला वेळ लागला. नोव्हेंबर १९७१मध्ये लिस्बनला स्पोर्टिंग आणि ग्लासगोचा रेंजर्स यांच्यात त्याच स्पर्धेत जादा वेळेनंतर दोन्ही सामन्यांची बेरीज ६-६ अशी बरोबरीत आली. पंचांनी पेनल्टी शूटआऊट घ्यायला लावलं, रेंजर्स हरले. मात्र जादा वेळेतला अवे गोलही धरायचा असतो हे पंचांच्या लक्षात आलं नव्हतं. तो धरल्यावर रेंजर्सचे बाहेरचे गोल तीन, स्पोर्टिंगचे दोन. निकाल फिरवला गेला आणि पुढे १९७२मध्ये तो कप रेंजर्सनेच जिंकला.

या नियमाने दिलेला थरार नाकारता येणार नाही. नोव्हेंबर १९९७मध्ये मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर इराणविरुद्ध खेळणारी ऑस्ट्रेलिया विश्वचषकाच्या उंबरठ्यावर होती. तेहरानमध्ये १-१, इथे २-० आघाडी. शेवटच्या वीसेक मिनिटांत करीम बाघेरी आणि खोदादाद अझिझी यांनी गोल केले आणि घरच्या मैदानावर, एकही सामना न हरता, ऑस्ट्रेलिया बाहेर फेकली गेली. इराणने १९९८चा विश्वचषक गाठला.

पण ज्या भीतीवर हा उपाय होता, ती भीतीच हळूहळू यजमानांच्या बाजूला सरकली. पहिल्या सामन्यात घरी १-१ म्हणजे जवळजवळ पराभव, ०-० मात्र समाधानकारक, असा हिशेब प्रशिक्षक मांडू लागले. पुढे जाऊन गोल करण्यापेक्षा गोल न खाणं महत्त्वाचं ठरलं. २००३मध्ये तर मिलान आणि इंटर या दोघांचं घर असलेल्या सान सिरोवरच चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी झाली: ०-० आणि १-१. दुसऱ्या सामन्यात कागदोपत्री पाहुणं असलेलं मिलान अवे गोलवर अंतिम फेरीत गेलं. स्वतःच्याच मैदानावर केलेला गोल ‘बाहेरचा’!

माझ्या मते सर्वांत मोठा दोष जादा वेळेचा होता. परतीच्या सामन्यात पाहुण्यांना अवे गोल करायला ३० मिनिटं जास्त मिळत, यजमानांना तशी संधी कधीच नाही. मार्च २०२१मध्ये युव्हेंटसने पोर्तोला घरी ३-२ हरवलं, बेरीज ४-४ झाली, तरी ११५व्या मिनिटाला सर्जिओ ओलिवेराने मारलेल्या फ्री किकने पोर्तो पुढे गेलं. दहा खेळाडूंनिशी पोर्तो विलक्षण झुंजलं हे खरं, पण ही विषमता समर्थनीय नव्हती.

नियम रद्द करताना युएफाने आकडे दिले. १९७०च्या दशकाच्या मध्यात यजमान ६१ टक्के सामने जिंकत, पाहुणे १९ टक्के. ते प्रमाण ४७ आणि ३० टक्क्यांवर आलं होतं. चांगली मैदानं, सुखाचा प्रवास, व्हिडिओ पंच यांमुळे बाहेरचं मैदान पूर्वीइतकं परकं राहिलं नव्हतं. दक्षिण अमेरिकेच्या कॉन्मेबोल या फुटबॉल महासंघाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हाच निर्णय घेतला.

आफ्रिकेत, जिथे बाहेरच्या सामन्यासाठी अजूनही अर्धा खंड ओलांडावा लागतो, नियम टिकून राहिला. एप्रिल २०२५मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत मामेलोडी सनडाउन्सने घरी अल अहलीशी ०-० आणि कैरोत १-१ बरोबरी साधली, आणि त्या एका गोलवर अंतिम फेरी गाठली.