शेतकाम आणि रानवाटांसाठी साइड-बाय-साइड वाहन निवडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी परिसरातील जे ग्राहक साइड-बाय-साइड, म्हणजेच यूटीव्ही (शेतात आणि रानवाटांवर माणसे व माल नेणारे छोटे चारचाकी वाहन), घेण्याच्या विचाराने आमच्याकडे येतात, त्यांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न इंजिन किती सीसीचे आहे हा असतो. आमच्या मते त्या प्रश्नाची पाळी बरीच नंतर यायला हवी. आपल्या जमिनीतल्या सर्वांत अरुंद वाटेवरून, जुलैतल्या ओल्या मातीत, वर्षातले सर्वांत जड ओझे घेऊन हे वाहन सुरक्षितपणे जाईल का, हे आधी ठरवावे. ते ठरले की इंजिन, आसने आणि किंमत यांचे पर्याय आपोआप कमी होतात आणि निवड सोपी होते.

एटीव्ही या रानवाटांवरच्या उघड्या चारचाकीवर मोटारसायकलप्रमाणे टांग टाकून बसावे लागते आणि हँडलने ती वळवावी लागते. साइड-बाय-साइडमध्ये मात्र दोन किंवा तीन माणसे शेजारी शेजारी बसतात, स्टिअरिंग आणि पेडल मोटारीसारखे असतात, सीटबेल्ट असतो, डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो आणि मागे माल टाकण्यासाठी हौदा असतो, जो बहुतेक उपयोगी मॉडेलांत उलटा करून रिकामा करता येतो. कावासाकीने १९८८ मध्ये ‘म्यूल’ बाजारात आणली तेव्हापासून हा प्रकार शेतकामासाठीच वाढत गेला. वाळूत आणि डोंगरात वेगाने पळणारी क्रीडा मॉडेले नंतर आली. पोलारिसची रेंजर, जॉन डिअरची गेटर, कॅन-अ‍ॅमची डिफेंडर आणि कुबोटाची आरटीव्ही ही कामाच्या घराण्यातील नावे आहेत, तर पोलारिसची आरझेडआर आणि कॅन-अ‍ॅमची मॅव्हरिक ही खेळाच्या घराण्यातील. कामाच्या गाडीतून सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना शिवार दाखवता येते, परंतु खेळाच्या गाडीच्या तोकड्या मागच्या भागात खताच्या गोण्या मावत नाहीत. म्हणून दोन्ही उपयोग हवे असलेल्या ग्राहकाला आम्ही नेहमी कामाचेच मॉडेल सुचवतो.

वजनाचा हिशेब

पूर्ण आकाराच्या उपयोगी मॉडेलच्या हौद्याची क्षमता साधारणपणे ४५० किलोच्या आसपास असते. युरियाची गोणी ४५ किलोची आणि डीएपीची ५० किलोची असल्याने, कागदावर पाहता युरियाच्या दहा गोण्या बसतात. मात्र हौद्याची क्षमता आणि वाहनाची एकूण क्षमता हे दोन वेगळे आकडे असतात, आणि एकूण क्षमतेत चालक, सोबतची माणसे व जादा बसवलेले सामान हे सर्व धरलेले असते. समजा एकूण क्षमता ६०० किलो आहे आणि प्रत्येकी ७० किलोची तीन माणसे बसली, तर मालासाठी ३९० किलोच उरतात आणि दहा गोण्यांच्या जागी आठच टाकाव्या लागतात. ओढण्याची क्षमता आणखी वेगळी असून ती मॉडेलागणिक बरीच बदलते. काही पेट्रोल मॉडेले ११०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढतात, तर काही मजबूत डिझेल मॉडेलांना ६०० किलोही ओढण्याची परवानगी नसते. हा आकडा सपाट जमिनीसाठी दिलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की हे वाहन ट्रॅक्टरची जागा घेऊ शकत नाही. उसाच्या फडातून कारखान्यापर्यंतची वाहतूक, भातखाचरातली चिखलणी किंवा नांगरट यांसाठी ते घेऊ नये, आणि तसे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. बियाण्याचा ऊस, जनावरांसाठी वाढे, ठिबकच्या नळ्या, काजूच्या बागेतली फवारणीची टाकी, पोल्ट्रीचे खाद्य, वीटभट्टीवरचे किरकोळ सामान आणि माणसे यांची दिवसभराची ये-जा हे त्याचे खरे क्षेत्र आहे. ज्या फेऱ्यांसाठी आज ट्रॅक्टर विनाकारण सुरू केला जातो, त्या फेऱ्या मोजून पाहिल्यास खरेदी परवडते की नाही हे समजते.

फवारणीची टाकी बसवणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, आणि टाकी अर्धी रिकामी झाल्यावर हेच पाणी उतारावर एका बाजूला धावून जाते व वाहनाचा तोल बिघडवते. आत पाणी अडवणारे आडवे पडदे असलेली, बुटकी आणि रुंद टाकी घ्यावी व ती पट्ट्यांनी घट्ट बांधावी.

माती, उतार आणि रुंदी

आपल्या जिल्ह्यात पश्चिमेकडे कणकुंबी, जांबोटी, खानापूर या पट्ट्यात तांबडी जांभ्याची माती आणि प्रचंड पाऊस आहे, तर पूर्वेकडे अथणी, सौंदत्ती, बैलहोंगल या भागांत काळी चिकण माती आहे, जी ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते. तांबड्या मातीत चढ-उतार, दगड आणि वाहते पाणी यांचा विचार करून जमिनीपासून किमान २५ ते ३० सेंटिमीटर उंची असलेले वाहन घ्यावे. काळ्या मातीत उंचीपेक्षा टायरच्या खोल व विरळ खाचा आणि मागच्या चाकांचे डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) अधिक उपयोगी पडतात. या वाहनांच्या टायरमध्ये हवा मोटारीच्या निम्म्याहून कमी, सहसा १० ते १६ पीएसआय, ठेवतात, आणि पंक्चर काढणारा माणूस सवयीने ३० पर्यंत भरून देतो, तेव्हा स्वतःचे दाबमापक जवळ ठेवलेले बरे.

बहुतेक कामाची मॉडेले सुमारे दीड मीटर किंवा थोडी अधिक रुंद असतात. आपल्या पाणंदीची, फाटकाची आणि खाचरांच्या बांधांमधल्या वाटेची रुंदी टेपने मोजून आणावी. सहा आसनी मॉडेल रिसॉर्टसाठी आकर्षक वाटते; परंतु त्याची लांबी अधिक असल्याने वळायला मोठी जागा लागते, आणि खानापूरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत ते अडकून पडते. त्याउलट अगदी अरुंद व उंच वाहन उलटण्याचा धोका अधिक. यामाहाच्या ‘रायनो’ या वाहनाच्या बाबतीत अमेरिकेत मार्च २००९ मध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाने मोफत दुरुस्तीची मोहीम जाहीर केली होती, आणि त्यात मागची चाके बाहेरच्या बाजूला सरकवणारे स्पेसर बसवण्यात आले, ते याच कारणामुळे. अनेक कामाच्या मॉडेलांच्या पुस्तिकेत १५ अंशांपेक्षा तीव्र उतारावर जाऊ नये असे स्पष्ट लिहिलेले असते. १५ अंश म्हणजे सुमारे पावणेचार मीटर अंतरात एक मीटर चढ. डोळ्यांना हा उतार किरकोळ वाटतो, हीच अडचण आहे.

इंजिन, गिअर आणि इंधन

बहुतेक पेट्रोल मॉडेलांत सीव्हीटी असते, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा, दोन पुलींवर फिरणारा एक रबरी बेल्ट. ओझे घेऊन चढ चढताना किंवा चिखलात हळू चालताना ‘लो’ गिअर टाकलाच पाहिजे, कारण ‘हाय’मध्ये बेल्ट घसरतो, तापतो आणि जळतो. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जळक्या बेल्टांपैकी बहुतेकांचे कारण हेच असते. कुबोटाच्या डिझेल आरटीव्हीत बेल्टऐवजी तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रोस्टॅटिक रचना आहे. तिचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपासच राहतो, पण उतारावर पेडलवरचा पाय काढताच वाहन स्वतःहून आवरले जाते. काजूच्या डोंगरउतारावर रोज ओझे नेणाऱ्याने हिचा जरूर विचार करावा. होंडाच्या पायोनियर १००० मध्ये गिअर असलेला दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स असल्याने तिथेही बेल्टचा प्रश्न येत नाही. विजेवर चालणारी मॉडेले शांत असतात, पर्यटकांसाठी उत्तम असतात. मात्र शेतघरावर थ्री-फेज वीज काही ठरावीक तासच येत असेल, तर चार्जिंग सिंगल-फेजवर होते का, हे आधी पाहावे.

पेट्रोलविषयी एक इशारा आवश्यक आहे. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्यातले काही इथेनॉल आपल्याच उसापासून झालेले असते, हा भाग वेगळा. परंतु आयात केलेल्या अनेक मॉडेलांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते. पुस्तिकेतली मर्यादा पाहिल्याशिवाय वाहन घेऊ नये, आणि वाहन महिनोन्‌महिने उभे राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये.

रस्त्यावर चालवण्याविषयी

हा भाग ग्राहकांना सर्वांत नको असतो, म्हणून तो आम्ही तोंडी न सांगता लिहून देतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, आणि ज्या वाटेवर लोकांना येण्या-जाण्याचा हक्क आहे ती प्रत्येक वाट, त्यात गावची पाणंदही आली, सार्वजनिक ठिकाण ठरते. नोंदणीसाठी त्या मॉडेलला भारतात मान्यता मिळालेली असावी लागते, आणि बहुतेक साइड-बाय-साइड मॉडेलांना ती नाही. अशा वाहनाने डांबरी रस्ता ओलांडून दुसऱ्या शेतात जायचे असेल, तर ते पिकअपवर किंवा ट्रेलरवर चढवूनच न्यावे. एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात रोज रस्त्यानेच जावे लागणाऱ्या ग्राहकाने हे वाहन न घेता छोटा ट्रॅक्टर घ्यावा, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

ज्यांची जमीन महाराष्ट्रातील चंदगड किंवा कागल तालुक्यात आणि घर कर्नाटकात बेळगाव किंवा निपाणीत आहे, त्यांनी नोंदणीयोग्य वाहन घेतल्यास ते कोणत्या राज्यात अधिक काळ राहणार हे आधी ठरवावे, कारण नोंदणी झालेल्या राज्याबाहेर १२ महिन्यांहून अधिक काळ वाहन ठेवल्यास कलम ४७ नुसार नवी नोंदणी घ्यावी लागते. भीमगड अभयारण्य आणि लगतच्या राखीव जंगलांत परवानगीशिवाय वाहन नेणे हा गुन्हा आहे. रविवारची सफर आपल्या किंवा परवानगी घेतलेल्या खाजगी जमिनीतच करावी.

जुने वाहन घेताना

आयात केलेले जुने वाहन स्वस्तात मिळाले तरी सीमाशुल्काची कागदपत्रे आणि चासी क्रमांक जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तासमापक आणि किलोमीटर हे दोन्ही आकडे पाहून भागाकार करावा. सरासरी वेग फार कमी निघाला तर ते वाहन ओझ्याखाली रखडत चाललेले असण्याची शक्यता असते, आणि फार अधिक निघाला तर ते उधळलेले असते. पिंजऱ्याच्या जोडांवर नवा रंग किंवा वेगळ्या जाडीचे वेल्डिंग दिसल्यास वाहन एकदा उलटलेले आहे असे समजावे आणि तिथेच थांबावे. पुढची चाके उचलून हलवून बेअरिंगची ढिलाई तपासावी, एक्सलवरचे रबरी बूट फाटलेले नाहीत ना ते पाहावे, आणि सीव्हीटीच्या झाकणाला नाक लावून जळक्या रबराचा वास येतो का ते पाहायला संकोच करू नये.

पावसाळ्यात रेडिएटरच्या जाळीत तांबडा चिखल घट्ट बसतो आणि इंजिन तापते. पाण्याचा हलका फवारा मागच्या बाजूने पुढे मारावा, उच्च दाबाचा पंप वापरल्यास पाकळ्या वाकतात. पाण्यातून गेल्यावर सीव्हीटीच्या खालचा निचऱ्याचा बूच काढून पाणी सोडावे. बेल्ट, हवेचा फिल्टर आणि ब्रेक पॅड हे तीन सुटे भाग खरेदीच्या दिवशीच घेऊन ठेवावेत, कारण आयात भागांची वाट पाहण्यात लावणीचा हंगाम निघून जातो.

चालक व प्रवासी दोघांनीही सीटबेल्ट लावावा, हात-पाय पिंजऱ्याच्या आत ठेवावेत, हौद्यात माणसे बसवू नयेत, आणि ज्या मुलाचे पाय आसनावर बसून वाहनाच्या तळाला टेकत नाहीत त्याला प्रवासी म्हणूनही घेऊ नये. जत्रेच्या किंवा पाहुण्यांच्या गर्दीत किल्ली खिशात ठेवावी.

चाचणी शक्यतो आपल्याच जमिनीत घ्यावी. आम्ही वाहन ट्रेलरवरून आपल्या शेतापर्यंत आणतो. आपण नेहमीचे ओझे, नेहमीचा चालक आणि शक्य असल्यास पावसाचा दिवस तयार ठेवावा. चाचणीनंतर लगेच आगाऊ रक्कम घेण्याची आमची पद्धत नाही.