ठोसा पायातून येतो

राष्ट्रीय शिबिरासाठी कुमार मुष्टियोद्धे निवडताना सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर असते: कोणाचा ठोसा जड? दोन फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्याला लोळवणारा मुलगा यादीत वर जातो. ज्यांना पुढे व्यावसायिक बॉक्सर घडवायचे आहेत, त्यांनी ही सवय आधी सोडावी, असं मला ठामपणे वाटतं.

१९८५ साली सोव्हिएत संशोधकांनी १२० मुष्टियोद्ध्यांच्या ठोशांचा अभ्यास केला. कसलेल्या खेळाडूंच्या ठोशात पायाच्या रेट्याचा वाटा सुमारे ३८ टक्के निघाला, धडाच्या वळणाचा ३७ आणि हाताचा अवघा २४. नवख्यांमध्ये मात्र हाताचा वाटा ३८ टक्के, पायाचा जेमतेम १६. म्हणजे ठोशाची ताकद बरीचशी शिकण्यातून येते.

कसलेल्या बॉक्सरचा उजवा सरळ ठोसा सावकाश करून पाहा. मागची टाच उचलली जाते, चवडा जमिनीला रेटा देत फिरतो, कंबर वळते, मग खांदा पुढे येतो आणि सगळ्यात शेवटी मूठ सुटते. तोवर हात सैलच असतो. लागण्याच्या क्षणी मूठ आवळली जाते, मनगट आणि कोपर ताठ होतात आणि मुठीमागे धडाचंही वस्तुमान उभं राहतं. यातला एक टप्पा जरी आधी-नंतर झाला, तरी जोर वाटेतच विरतो. हेवीवेट फ्रँक ब्रुनोच्या मुठीचा वेग १९८५ मध्येच मोजला गेला: सेकंदाला ८.९ मीटर. आघाताचं बल चार हजार न्यूटनच्या वर गेलं होतं.

चौदाव्या-पंधराव्या वर्षी एकाच वजनगटातली दोन मुलं शरीराने सारखी नसतात. जो लवकर वयात आला, त्याचे स्नायू आधी भरतात आणि तो नुसत्या हाताच्या जोरावर जिंकतो. बाकीचे वाढीत त्याला गाठतात, तेव्हा त्याचे पाय कच्चेच राहिलेले असतात.

बचावाचंही तसंच. डोळ्यांनी पाहून शरीर हलायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. चांगला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, त्याआधीच येऊन पोहोचतो. म्हणून जाणता बॉक्सर मुठीचा पाठलाग करत नाही. त्याची नजर समोरच्याच्या डोक्या-छातीपाशी स्थिर असते आणि खांदा किंचित हलला, वजन एका पायावर गेलं, की त्याला पुढचं कळतं. ही जाण उंच, बुटके, डावखुरे अशा नाना प्रतिस्पर्ध्यांशी खेळूनच येते. हौशी मुष्टियुद्धात ३९६ लढती जिंकून फक्त एक हरलेला युक्रेनचा वासिल लोमाचेन्को २०१४ मध्ये तिसऱ्याच व्यावसायिक लढतीत जगज्जेता झाला, तो याच शिदोरीवर.

दमसासाचं गणित सोपं आहे. हौशी लढत तीन फेऱ्यांची, व्यावसायिक लढत बारापर्यंत जाते. तीन फेऱ्यांतही बहुतांश ऊर्जा प्राणवायूच्या वाटेनेच मिळते, त्यामुळे धावण्याला पर्याय नाही.

खरी चिंता मेंदूची. वारंवार मार खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूचं नुकसान अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच नोंदवलं होतं. हेडगार्डमुळे जखमा कमी होतात, पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. सरावातले ठोसेही मेंदूला तितकेच लागतात. म्हणून पूर्ण जोराचं स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, मोजकंच हवं, बाकी काम प्रशिक्षकाने हातात धरलेल्या पॅडवर आणि हलक्या हाताने. प्रत्येक खेळाडूच्या स्पारिंगच्या फेऱ्या आणि डोक्याला बसलेला प्रत्येक मोठा मार वहीत उतरायला हवा आणि शिबिर बदललं की ती वही त्याच्यासोबत जायला हवी. वारंवारच्या आघातांनी होणाऱ्या मेंदूविकाराचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. नव्या प्रशिक्षकाच्या हाती तोवर ही वहीच असते.