रिसीव्हर (जुन्या लष्करी रायफलीची जुळणी)

रायफलीचा जो भाग नळी, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा), मॅगझिन आणि चाप यांना एकत्र धरून ठेवतो, त्याला रिसीव्हर म्हणतात. नळी पुढून आट्यांनी त्यात बसते, बोल्ट मागून सरकत येतो आणि गोळी सुटताना बोल्टचे लग (त्याला जागी धरणारे उंचवटे) ज्या खाचांत अडकतात त्या खाचा रिसीव्हरमध्ये किंवा रिसीव्हरला घट्ट जोडलेल्या भागात असतात. स्फोटाचा मागे येणारा धक्का अखेर इथे अडतो. अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार फ्रेम किंवा रिसीव्हर हेच कायद्याच्या दृष्टीने बंदुकीचे अंग असते आणि अनुक्रमांक त्यावरच असावा लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली सुटे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात. त्यामुळे पुढे वर्णन केलेली जुळणीची परंपरा मुख्यतः अमेरिकेतील संग्राहक आणि परवानाधारक कारागिरांची आहे. निकामी झालेल्या किंवा शिकारीसाठी कापलेल्या रायफलींचे भाग जमवून मूळ लष्करी रूप पुन्हा उभे करणे, असे तिचे स्वरूप असते.

कुंदा, नळी, साइट, पट्ट्याच्या कड्या हे सगळे बदलता येते. रिसीव्हर बदलला तर रायफलच बदलते. शिवाय त्याचा सर्वांत महत्त्वाचा गुण, म्हणजे पोलादाला पाणी कसे दिले आहे (ते तापवून, थंड करून कसे कडक केले आहे), डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रिसीव्हर निवडताना चकाकीपेक्षा शिक्का, अनुक्रमांक आणि त्याच्यावर पूर्वी झालेले काम यांना किंमत द्यायची असते.

स्प्रिंगफील्ड एम१९०३

हे तत्त्व शिकवणारे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. ही अमेरिकी सैन्याची रायफल मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड आर्मरी आणि इलिनॉयमधील रॉक आयलंड आर्सेनल या दोन सरकारी कारखान्यांत बनत होती. पोलाद कमी कार्बनचे असे. ते तापवून घडवायचे, मग पृष्ठभाग कार्बनने कडक करून पाणी द्यायचे, अशी रीत होती. भट्टीत तापलेला तुकडा पुरेसा लाल झाला की नाही हे अनुभवी कामगार नजरेने ठरवत. १९१७ मध्ये रिसीव्हर फुटल्याच्या घटनांची चौकशी झाली, तेव्हा उष्णतामापक लावून पाहिले गेले. लख्ख ऊन असलेल्या दिवशी ‘बरोबर’ वाटणारा रंग ढगाळ दिवसाच्या रंगापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापमानाचा निघाला. उजेडात लोखंडाची लाली फिकी दिसते, म्हणून कामगार ते आणखी तापू देई आणि पोलाद जळून जाई. जळलेल्या पोलादाच्या कणांमधली पकड सुटते, आणि पुन्हा कितीही पाणी दिले तरी ती परत येत नाही. जुना रिसीव्हर ‘नव्याने पाणी देऊन सुरक्षित केला आहे’ असे कोणी सांगितले, तर ते याच कारणाने मानू नये.

दुसरी अडचण रचनेतच होती. या रायफलीत नळीचे मागचे तोंड शंकूसारखे उतरते असल्याने काडतुसाच्या बुडाचा काही भाग आधाराविना राहतो. पितळ खराब असेल तर ते तिथे फाटते आणि वायू थेट रिसीव्हरमध्ये शिरतो. चिवट पोलाद अशा वेळी फुगते किंवा वाकते, ठिसूळ पोलादाचे मात्र तुकडे उडतात. १९१७ ते १९२९ या काळात असे ६८ रिसीव्हर फुटल्याची नोंद झाली. लाखो रायफलींपुढे हा आकडा लहान आहे, पण कोणती रायफल त्यातली हे तोडून पाहिल्याशिवाय कळत नव्हते.

दुहेरी पाणी देण्याची पद्धत १९१८ मध्ये आली. स्प्रिंगफील्डमध्ये ती साधारण ८,००,००० या क्रमांकापासून आणि रॉक आयलंडमध्ये २,८५,५०७ पासून धरली जाते. त्याखालच्या रायफलींना ‘लो नंबर’ म्हणतात. त्या झाडू नयेत असाच सल्ला दिला जातो, आणि तो तंतोतंत पाळावा. पुढे निकेल पोलाद वापरात आले. स्प्रिंगफील्डमध्ये त्याची सुरुवात १२,७५,७६७ या क्रमांकापासून मानतात.

रिसीव्हर चांगला निवडून बोल्ट चुकीचा घेणे ही नेहमीची फसगत. दुसऱ्या महायुद्धात घाईने दुरुस्त झालेल्या रायफलींत बोल्टची सरमिसळ झाली. एकदाच पाणी दिलेल्या जुन्या बोल्टची मूठ सरळ खाली, बोल्टशी काटकोनात असते. नव्याची किंचित मागे झुकलेली असते. बोल्ट हातात धरून बाजूने पाहिले की फरक लगेच दिसतो.

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाच्या हातची रायफल उभारायची आणि ती झाडायचीही, अशी इच्छा असेल तर वाट अरुंद आहे. १९१८ मध्ये दुहेरी पाण्याने बनलेला रिसीव्हर शोधावा लागतो. १९१७ चा हवाच असेल तर ती रायफल भिंतीवरच शोभावी. एम१९०३ए३ (याच रायफलीचा दुसऱ्या महायुद्धातला प्रकार) चा रिसीव्हर त्याजागी चालत नाही. ए३ ची मागची साइट रिसीव्हरच्या मागच्या पुलावर बसते आणि त्यासाठी तिथे खाच कापलेली असते. मूळ १९०३ ची साइट नळीवर असते.

कवायतीच्या आणि पुन्हा जोडलेल्या रायफली

परेडसाठी दिलेल्या रायफली झाडता येऊ नयेत म्हणून नळी रिसीव्हरला वेल्डने टाचली जाई, मॅगझिन कटऑफही (मॅगझिनमधली काडतुसे रोखणारी कळ) वेल्डने बंद केला जाई. बाजारात असे रिसीव्हर टाके घासून, वर काळा रंग चढवून येतात. टाका कुठे होता हे महत्त्वाचे. कटऑफजवळचा लहान टाका लगच्या खाचांपासून दूर असतो. नळीच्या मुळाशी दिलेला टाका मात्र नेमक्या भार घेणाऱ्या कड्याला तापवतो आणि तिथला कडकपणा उतरवतो. तसा रिसीव्हर नाकारावा. ब्रिटिश आणि राष्ट्रकुल देशांच्या रायफलींवर ‘डीपी’ असा शिक्का आढळला तर ती कवायतीची आहे असे समजावे.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी एम१ गॅरँडच्या बाबतीत प्रकार आणखी पुढे गेला. भंगारात काढताना रिसीव्हर गॅस कटरने मधोमध कापले गेले आणि नंतर काहींनी दोन वेगळ्या रिसीव्हरचे अर्धे तुकडे वेल्ड करून विकले. ओळखायची जागा आतली असते. बोल्ट काढून, तेल पुसून, दिव्याचा उजेड तिरका पाडून बोल्ट सरकतो त्या मार्गावर पाहावे. बाहेरून वेल्ड सफाईने घासता येतो, पण आतल्या कोपऱ्यात कानस नीट पोचत नाही. तिथे सुईच्या टोकाएवढी छिद्रे, धातूचा वेगळा रंग किंवा अचानक बदललेले यंत्राचे ओरखडे दिसतात. दुसरी खूण शिक्क्यांची. मागच्या टाचेवर कारखान्याचे नाव व अनुक्रमांक असतो, पुढच्या उजव्या पायावर आराखड्याचा क्रमांक. पुढे युद्धकाळातला डी२८२९१ आणि मागे युद्धानंतरचा अनुक्रमांक असेल, तर दोन तुकडे दोन वेगळ्या रायफलींचे आहेत. वेल्डमुळे लांबी थोडी जरी कमी-अधिक झाली तरी ऑपरेटिंग रॉड (बोल्टला मागेपुढे नेणारा दांडा) आपल्या खाचेतून उसळतो.

माउझर ९८

इथे प्रश्न जळक्या पोलादाचा नसून मापांचा आणि झिजेचा असतो. सामान्य लष्करी ९८ च्या रिसीव्हरची पुढची कडी (नळी बसते ती) सुमारे १.४१ इंच व्यासाची असते, काही प्रकारांत ती १.३० इंच असते. पूर्ण लांबीचा रिसीव्हर ८.७५ इंच, तर युगोस्लाव्हियाच्या एम२४/४७ आणि एम४८ यांचा ८.५ इंच. हा पाव इंच कागदावर नगण्य वाटतो. प्रत्यक्षात जर्मन कुंदा बसत नाही, मागचा स्क्रू छिद्रावर येत नाही आणि बोल्टही अदलाबदल होत नाही. भाग आधी आणि रिसीव्हर मागून, असा क्रम ठेवणारा इथेच पैसे घालवतो. रिसीव्हर आधी घ्यावा, मग त्याच्या मापाने बाकीचे.

माउझरचा पृष्ठभाग कडक आणि गाभा मऊ असतो, कडक थर पातळ असतो. वर्षानुवर्षे वापरलेल्या किंवा जास्त दाबाच्या काडतुसांनी ताणलेल्या रिसीव्हरमध्ये लग आपल्या टेकणीत दबून खड्डा करतात. तपासणे सोपे आहे. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून लगच्या टेकणीवरून हलकेच ओढावी. सपाट असेल तर तार सरकत जाते, खड्डा असेल तर कडेला अडखळते. अशी पायरी लागली की झाडल्यानंतर बोल्टची मूठ उचलायला जोर लागतो आणि हेडस्पेस (मिटलेल्या बोल्टचे तोंड आणि काडतूस जिथे टेकते ती जागा यांतले अंतर) वाढत जाते. टेकणी घासून सपाट केली तर कडक थरच निघून जातो आणि पायरी लवकरच पुन्हा तयार होते.

शिकारीसाठी बदललेल्या रिसीव्हरमध्ये दुर्बिणीसाठी छिद्रे पाडलेली असतात, आणि क्लिप घालायची खाच असलेला मागचा उंचवटा घासलेला असतो. छिद्रे बुजवता येतात, गेलेला उंचवटा लष्करी रूपात परत आणता येत नाही.

ली-एनफील्ड आणि ईशापूर

ब्रिटिश परिभाषेत या भागाला ‘बॉडी’ म्हणतात. लग मागे असल्याने बॉडी झाडताना किंचित ताणते. उजवीकडची लांब पट्टी आणि डावीकडचा लग दोन्ही सारखे टेकले पाहिजेत, नाहीतर गोळ्या एका जागी लागत नाहीत. मूळ बोल्ट आणि बॉडी यांवर एकच क्रमांक असतो, तो जुळणे हा निवडीचा पहिला निकष. नंबर ४ (दुसऱ्या महायुद्धातला प्रकार) मध्ये बोल्टचे डोके वेगळे निघते आणि ० ते ३ अशा मापांत मिळते. हेडस्पेस वाढली तर पुढच्या क्रमांकाचे डोके लावता येते. नंबर १ (त्याआधीचा प्रकार) मध्ये अशी क्रमवारी नसल्याने अनेक डोकी पडताळून पाहावी लागतात.

कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्यात १९६० च्या दशकात ७.६२ मिमी २ए आणि २ए१ बनल्या. दिसायला त्या जुन्या .३०३ सारख्याच, म्हणून त्या केवळ नळी बदललेल्या .३०३ आहेत असा समज पसरला. तो चुकीचा आहे. वाढीव दाब पेलण्यासाठी पोलाद बदलले होते. ओळख सोपी: बॉडीच्या मागच्या सॉकेटवर (कुंदा बसतो त्या खोबणीवर) मॉडेलचा शिक्का आणि जास्त चौकोनी मॅगझिन. उलट, .३०३ च्या जुन्या नंबर १ बॉडीवर ७.६२ ची नळी चढवणे धोक्याचे आहे. आकार एक असला तरी पोलाद एक नाही. ईशापूरच्या रायफलींच्या कुंद्याच्या पुढच्या भागातून आडवा स्क्रू गेलेला दिसतो, तो मजबुतीसाठी आहे. तो काढून लाकूड ‘मूळ ब्रिटिश’ करू नये.

एम१६ वळणाच्या रायफली

इथे वरचा आणि खालचा असे दोन रिसीव्हर असतात, अनुक्रमांक खालच्यावर असतो. लष्करी दर्जा म्हणजे ७०७५-टी६ या मजबूत ॲल्युमिनियम मिश्रधातूची घडाई आणि वर कडक ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने चढवलेला संरक्षक थर). ओतीव किंवा ६०६१ या कमी मजबूत मिश्रधातूचा रिसीव्हर टाळावा. रायफल बुडावर आपटली तर ताण बफर नळीच्या (कुंद्यात जाणाऱ्या मागच्या नळीच्या) कड्यावर येतो आणि भेग तिथूनच पडते. ए२ या सुधारित प्रकारात हे कडे आणि पुढच्या पिनेजवळचा भाग जाड केला आहे. त्याआधीच्या ए१ चे रूप हवे असेल तर वरच्या रिसीव्हरवर रिकाम्या कवचांना वळवणारा उंचवटा नसावा आणि फॉरवर्ड असिस्टचे (बोल्ट पुढे ढकलायच्या बटणाचे) टोक अश्रूच्या आकाराचे असावे, ए२ चे गोल असते. पुढच्या पिनेचे लष्करी माप ०.२५० इंच, पण काही जुन्या नागरी रिसीव्हरमध्ये ते ०.३१५ इंच आहे. दोन अर्धे वेगवेगळ्या मापाचे घेतले तर ते जुळत नाहीत. १९८६ नंतर बनलेला लष्करी स्वयंचलित रिसीव्हर अमेरिकेतही सामान्य नागरिकाला घेता येत नाही. जुळणी अर्धस्वयंचलित रिसीव्हरवरच होते.

बसवल्यानंतरची पडताळणी

नळी चढवण्याआधी रिसीव्हर पूर्ण तेलमुक्त करून रंगद्रव्याने भेगा तपासाव्यात. आट्यांच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत गंजाचे खड्डे असतील तर घेऊ नये. कुंद्याखाली झाकल्या जाणाऱ्या भागातले उथळ खड्डे चालतात. स्प्रिंगफील्डचे आटे चौकोनी असल्याने वळवताना कचका लागला तर थांबावे, पुढे रेटले तर कड मोडते.

हेडस्पेस तपासताना बोल्टमधून एक्स्ट्रॅक्टर (रिकामे कवच ओढून काढणारा आकडा) आणि फायरिंग पिन काढून ठेवावी. .३०-०६ साठी ‘गो’ गेज (काडतुसाच्या आकाराचा मापाचा ठोकळा) १.९४० इंच आणि ‘फील्ड’ गेज १.९५० इंच असते. गेज आत ठेवून मूठ दोन बोटांनी खाली करायची. ‘गो’ वर बोल्ट सहज मिटला पाहिजे, ‘फील्ड’ वर मिटता कामा नये. ली-एनफील्डच्या .३०३ मध्ये माप काडतुसाच्या काठाच्या जाडीवर घेतले जाते, ०.०६४ ते ०.०७४ इंच. मूठ दाबून मिटवली तर गेज आणि टेकणी दोन्ही खराब होतात आणि माप खोटे येते.

पहिल्या वीस गोळ्या कारखान्याच्या काडतुसांनी, रायफल बाकाला बांधून, दोरीने चाप ओढून झाडाव्यात. नंतर तेच गेज पुन्हा घालावे. आधी न मिटणारा बोल्ट आता ‘फील्ड’ वर मिटत असेल, तर टेकणी दबली आहे. नळी काढून घ्यावी आणि तो रिसीव्हर पुन्हा वापरू नये.