डी स्टेफानो नेमका कोणाचा? खेळाडूवरच्या हक्काची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने फुटबॉलच्या ट्रान्सफर नियमांतील काही कलमे युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवली. हा दावा एका माजी फ्रेंच मिडफिल्डरने लढवला होता. मॉस्कोच्या क्लबशी २०१४ मध्ये त्याचे फाटले. बेल्जियममधला एक क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण जुन्या क्लबची नुकसानभरपाई आपल्याही गळ्यात पडेल या धास्तीने तो व्यवहार फिसकटला. या निकालाने ऐरणीवर आलेला प्रश्न जुनाच आहे: खेळाडूवर हक्क कोणाचा? थोर म्हणवल्या गेलेल्या अनेकांच्या कारकिर्दीला याच प्रश्नाने वळण दिले.

इंग्लंडमध्ये करार संपला तरी क्लब खेळाडूला अडवून ठेवू शकत असे. प्रेस्टनचा टॉम फिनी हे त्याचे ठसठशीत उदाहरण. इंग्लंडच्या सर्वोत्तम विंगरपैकी एक असलेला हा माणूस खेळाबरोबर प्लंबिंगचा धंदाही सांभाळत होता. १९५२ मध्ये इटलीच्या पालेर्मो क्लबने त्याला नुसत्या सहीसाठी १० हजार पौंड देऊ केले, पगार आणि घर वेगळे. प्रेस्टनने नकार दिला आणि विषय तिथेच संपला. फिनी १९६० मध्ये निवृत्त झाला. आठवड्याला २० पौंडांची पगारमर्यादा पुढच्याच वर्षी उठली.

मात्र या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त शाई खर्ची पडली ती अर्जेंटिनाचा स्ट्रायकर आल्फ्रेडो डी स्टेफानो याच्या १९५३ च्या ट्रान्सफरवर. बार्सिलोनात आजही हे प्रकरण ‘राजवटीने (म्हणजे हुकूमशहा फ्रँकोच्या सत्तेने) पळवलेला खेळाडू’ असेच सांगितले जाते. माद्रिदमध्ये ते चतुराईने जमवलेला व्यवहार म्हणून सांगतात. दोन्ही बाजूंना मूळ कागदांची आठवण सोयीपुरतीच राहते.

हा घोळ स्पेनमध्ये सुरूच झाला नव्हता. अर्जेंटिनात खेळाडूंचा संप चिघळला आणि १९४९ मध्ये डी स्टेफानो तिथला रिव्हर प्लेट क्लब सोडून कोलंबियात, बोगोटाच्या मिलोनारिओस क्लबकडे गेला. कोलंबियाची लीग तेव्हा जागतिक संघटनेच्या (फिफाच्या) चौकटीबाहेर होती. त्यामुळे मूळ क्लबला दमडीही न देता खेळाडू नेता येत होते. १९५१ मध्ये लिमा येथे तडजोड झाली: असे खेळाडू ऑक्टोबर १९५४ पर्यंत कोलंबियात खेळतील, नंतर त्यांचा हक्क मूळ क्लबकडे परत जाईल. म्हणजे एकाच माणसाचे दोन मालक झाले, एक आजचा आणि एक उद्याचा.

मार्च १९५२ मध्ये मिलोनारिओसने रिआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ४-२ असे हरवले, आणि डी स्टेफानो माद्रिदच्या नजरेत भरला. पुढे तो बोगोटाला परतायला तयार होईना. बार्सिलोनाने रिव्हर प्लेटशी बोलणी केली, म्हणजे उद्याच्या मालकाशी. माद्रिदने मिलोनारिओसशी केली, म्हणजे आजच्या. १९५३ च्या उन्हाळ्यात तो बार्सिलोनात राहून त्यांच्या जर्सीत मैत्रीपूर्ण सामनेही खेळला. पण मिलोनारिओसची संमती नाही म्हणून स्पॅनिश संघटनेने नोंदणी अडवली. त्यातच परदेशी खेळाडू घेण्यावरच बंदी आली.

सप्टेंबरमध्ये मध्यस्थाने तोडगा काढला: चार हंगाम, आलटून पालटून. पहिला आणि तिसरा माद्रिदकडे, दुसरा आणि चौथा बार्सिलोनाकडे. सत्तावीस वर्षांच्या, ऐन भरातल्या खेळाडूने दरवर्षी कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे जायचे आणि पुन्हा यायचे! कागदावर हा निवाडा समसमान दिसतो, पण पहिला हंगाम माद्रिदला देण्यातच पारडे झुकले होते. बार्सिलोनाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. हंगामी कारभाऱ्यांनी गुंतवलेले पैसे परत घेऊन आपला वाटा सोडला. त्यांच्यावर वरून दबाव आला का, यावर आजही वाद आहे. पण आधी मिलोनारिओसशी व्यवहार पक्का न करणे ही बार्सिलोनाची स्वतःची चूक होती, आणि ती राजवटीच्या माथी मारता येत नाही. माझ्या मते खरा अन्याय निराळाच आहे: दोन क्लबांचे हक्क तोलणाऱ्या त्या निवाड्यात खेळाडूच्या मर्जीला कुठेच जागा नव्हती.

२५ ऑक्टोबर १९५३ रोजी माद्रिदने बार्सिलोनाला ५-० असे धुतले. त्याच हंगामात माद्रिदने १९३३ नंतर प्रथमच लीग जिंकली. मग १९५६ ते १९६० सलग पाच युरोपियन कप आले, आणि पाचही अंतिम सामन्यांत डी स्टेफानोचा गोल होता. ग्लासगोत फ्रँकफर्टला ७-३ हरवताना त्याने तीन गोल केले, उरलेले चार संघातला सहकारी पुश्काश याचे. वर्ल्डकपचा सामना मात्र त्याला कधीच खेळायला मिळाला नाही. १९६४ मध्ये माद्रिद सोडल्यावर तो बार्सिलोना शहरात गेला खरा, पण एस्पान्योलकडून खेळायला.

यानंतरची चार दशके इथे पटकन ओलांडावी लागतील. बेल्जियमचा खेळाडू बॉसमन याच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी दिलेल्या निकालाने करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागण्याचा क्लबांचा हक्क युरोपीय संघात मोडीत काढला. पुढच्याच वर्षी एडगर डेव्हिड्स आयाक्स सोडून फुकटात मिलानला गेला. चांगल्या खेळाडूचा करार शेवटच्या वर्षात जाऊ द्यायचा नाही, हे क्लबांना तेव्हापासून उमगले.

मेस्सीच्या बाबतीत २०२० मध्ये भांडण पुन्हा करारातल्या कलमावरच आले. मोफत जाण्याची मुदत जूनमध्ये संपली, असे बार्सिलोनाचे म्हणणे. साथीमुळे हंगामच लांबला, असे त्याचे. कोर्टात जाण्यापेक्षा तो थांबला. वर्षभराने उलटेच झाले: करार संपला होता, त्याला राहायचे होते, पण लीगच्या आर्थिक मर्यादेत त्याची नोंदणी बसेना. ऑगस्ट २०२१ मध्ये तो पॅरिसला गेला आणि बार्सिलोनाला ट्रान्सफरचा एक युरोही मिळाला नाही. एम्बापेने २०२४ मध्ये पॅरिस सोडून माद्रिद गाठले, तेही करार संपवूनच.

ऑक्टोबरच्या निकालानंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, जागतिक संघटनेने तात्पुरते नियम आणले. नव्या क्लबने करारभंगाला फूस दिली हे आता सिद्ध करावे लागते. पूर्वी ते गृहीतच धरले जाई. कायमच्या नियमांसाठी क्लब, लीग आणि खेळाडूंच्या संघटना यांच्याशी चर्चेची प्रक्रिया सुरू झाली. नुकसानभरपाई कशी मोजायची, हाच त्यातला अवघड भाग आहे.